प्राथमिक शाळेत संगणक शिकवताना या चुका टाळा

पाटण तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पाच संगणक आहेत. ते आले तेव्हा मी पहिला महिनाभर फळ्यावर संगणकाचे भाग काढून घेतले. मुलांनी चित्रं सुबक काढली, नावं पाठ केली, आणि माउस हातात दिल्यावर तो उचलून हवेत धरला. भाग पाठ करून घ्यायची घाई नको. त्यातही आपण त्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणायला शिकवतो. सीपीयू म्हणजे आतली एक चिप, डबा म्हणजे कॅबिनेट. एखादं बंद पडलेलं यंत्र उघडून दाखवा, हा धडा दहा मिनिटांत होतो.

दुसरी चूक आपल्याला दिसतसुद्धा नाही. एका संगणकावर चार मुलं बसवली, की माउस चुणचुणीत पोराकडे जातो आणि बाकीची तीन वर्षभर नुसती बघतात. मी नियम केला: माउस ज्याच्या हातात, त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही; शेजारचा सांगेल तेवढंच करायचं. पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. सांगणाऱ्याला नेमके शब्द शोधावे लागतात, आणि न बोलणारी मुलं तिथे बोलू लागतात.

मराठी टायपिंग इंग्रजीतून शिकवू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. तिसरीतलं मूल मराठी घडाघडा वाचतं, पण त्याला ‘विद्यार्थी’ लिहायला आपण इंग्रजी अक्षरं जुळवायला लावतो. ‘थ’साठी कोणती दोन अक्षरं, इथेच ते अडतं. त्यापेक्षा इनस्क्रिप्ट शिकवा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की हा कळफलक मिळतो. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ एकाच कळीवर, दुसऱ्यासाठी फक्त शिफ्ट. वर्णमाला येणाऱ्या मुलाला यातलं निम्मं आधीच येत असतं.

अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराआधी दिसते म्हणून मुलं ती आधी दाबतात, मग वेलांटीशेजारी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. रफार कागदावर शेवटी देतो म्हणून तो शेवटी टाइप करतात आणि ‘विद्याथीर्’ तयार होतं. दोन्हींना उत्तर एकच: जसं ऐकू येतं त्या क्रमाने दाबायचं. आधी र, त्याचा पाय मोडायचा, मग थ, मग वेलांटी. ‘शेतकऱ्याचा’मध्ये मात्र साधा र चालत नाही, ‘शेतकर्याचा’ होतं. तिथे शिफ्ट दाबून र, म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग पाय मोडून य. आमची मुलं 7 नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनाला, चार ओळी टाइप करतात. 1900 साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्यातल्या शाळेत दाखल झालं. मुलांनी ते आपल्या हातांनी लिहावं असं मला मनापासून वाटतं.

बाहेर काढलेल्या चपला आणि अर्थिंग

संगणक खोलीत धूळ नको म्हणून आपण चपला दाराबाहेर काढायला लावतो. अनवाणी मूल फरशीवर उभं राहून कॅबिनेटला हात लावतं आणि म्हणतं, “गुरुजी, मुंग्या येतायत.” हे हसण्यावारी नेऊ नका. अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, नसेल तर संगणकाच्या वीजपुरवठ्यातून थोडा प्रवाह पत्र्यावर उतरतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून तो दोन भोकांत बसवला असेल, किंवा उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल, तरी हेच होतं. त्या दिवशी संगणक बंद ठेवा, वायरमनला बोलवा, आणि मुलांच्या पायाखाली कोरडं रबरी मॅट घाला. मॅट म्हणजे अर्थिंग नव्हे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. एक, इंटरनेट आहे पण कुठलीच वेबसाइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मे महिनाभर बटण बंद असल्याने मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, जुना झालेला नाण्याएवढा सेल उतरतो, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि वेबसाइटची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. सीआर2032 नावाचा 3 व्होल्टचा सेल बदलून तारीख नीट लावली की झालं. दुसरी, पडदा काळा आणि नुसता बीप-बीप. पावसाळी दमटपणाने रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या कार्डाच्या, सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. प्लग काढा, रॅम काढून पट्ट्यांवर खोडरबर हलकेच फिरवा, पुन्हा नीट बसवा. बऱ्याचदा संगणक सुरू होतो.

सगळ्या मुलांना एकच पासवर्ड देऊ नका. चौथीतल्या एका मुलीचं चित्र कुणीतरी पुसलं होतं आणि ती दोन दिवस संगणकाजवळ आली नाही. आता प्रत्येकाचा फोल्डर वेगळा आणि पासवर्डही वेगळा. पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्यावर लिहायचा नाही, हे पहिल्याच तासाला सांगतो.