हळव्या कुत्र्याला न घाबरवता शिकवायचं कसं

रस्त्यावरून दत्तक घेतलेली बरीच गावठी कुत्री घरात आल्यावर अगदी मवाळ वागतात. आवाज चढला की कोपरा गाठतात, पट्टा उचलला की पलंगाखाली जातात, पाहुणा वाकून डोक्यावर हात ठेवायला गेला की जागच्या जागी मुततात. अशा कुत्र्याला ‘बस’ आणि ‘ये’ शिकवणं अवघड नाही. पण घाबरलेलं कुत्रं खात नाही, आणि खाण्याइतकंही त्याचं चित्त ठिकाणावर नसेल तर शिकवलेलं डोक्यात जात नाही. त्यामुळे पहिला धडा माणसाचा: कुत्र्याचं अंग वाचायला शिकणं.

भीतीची आणि ताणाची लक्षणं अशी: समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान फिरवून घेणं, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसणं, अंग कोरडं असताना झाडणं, शेपूट पायात. एखादं लक्षण एकटं दिसलं तर लक्ष ठेवा. दोन-तीन पाठोपाठ दिसली तर काम थांबवा आणि कुत्र्याला मागे सरकू द्या. गुरगुरणं हीसुद्धा सूचनाच आहे. त्यावर दटावलं तर गुरगुरणं बंद होतं, भीती आत तशीच राहते, आणि मग पुढच्या वेळी ते आगाऊ सूचना न देता चावू शकतं.

ओरडणं, पट्ट्याला हिसका देणं, मुतलेल्या जागी नाक घासणं हे हळव्या कुत्र्याच्या बाबतीत सर्वांत महाग पडतं. पोर्तुगालमधल्या पोर्टो शहराच्या परिसरातल्या प्रशिक्षण शाळांमधल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दटावणी आणि हिसक्यांवर भर देणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही अधिक वाढलेलं आढळलं. ‘धाक हवाच’ म्हणणारे घरोघरी असतात. कुत्र्याचं नियंत्रण कुटुंबात एकाच्या हातात द्या आणि धाकवाल्यांना खाऊ भरवायच्या कामाला लावा.

खाऊ

मीठ-हळद-मसाला न घालता उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं. तुकडा मटाराच्या दाण्याएवढा. कुत्रं लहान चणीचं असेल तर त्याच्याही निम्मा. ५० ग्रॅम पनीरचे असे शंभराच्या वर तुकडे होतात. दिवसभराच्या खाण्यापैकी साधारण १० टक्क्यांहून जास्त उष्मांक खाऊतून जाऊ देऊ नका, आणि तेवढं जेवण कमी करा. ग्लुकोज बिस्किट या कामाला निरुपयोगी: साखर असते, चुरा पडतो, आणि कुत्रं तो चुरा हुंगत बसतं. द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असलेले शुगर-फ्री पदार्थ विषारी आहेत. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा यातच आले.

खुणेचा आवाज

‘आत्ता केलंस ते बरोबर’ हे त्याच क्षणी कळवायला एक ठरावीक आवाज लागतो. बाजारातला क्लिकर (दाबला की ‘टिक’ वाजणारी छोटी डबी) चालतो, पण त्याच्या कडकडीत आवाजाला काही कुत्री दचकतात. तेव्हा तो मोज्यात गुंडाळा, किंवा बॉलपेनची टिक वापरा. शब्द हवा असेल तर घरात एरवी बोलला जात नाही असा निवडा. ‘हां’ आणि ‘छान’ दिवसभर कानावर पडत असतात.

शांत खोलीत टिक करा आणि एका सेकंदाच्या आत खाऊ द्या. १०-१५ वेळा, मग विश्रांती. दिवसातून दोन-तीनदा. कुत्रं दुसरीकडे बघत असताना टिक ऐकून मान वळवायला लागलं की त्याला अर्थ कळला. इथे बहुतेकांचा हात चुकतो: टिक होण्याआधीच हात खाऊच्या पिशवीकडे जातो. मग कुत्रं आवाज ऐकायचं सोडून हाताकडे बघत राहतं. हात पोटाशी स्थिर, आधी टिक, नंतर हालचाल.

पहिला धडा: हाताला नाक

सुरुवात ‘बस’ने करू नये असं आमचं मत आहे. बसवताना माणूस वर ओणवतो, आणि घाबरटाला तेच नको असतं. जमिनीवर कुत्र्याकडे कूस करून बसा. तळहात त्याच्या नाकापासून दोन इंचांवर, थोडा बाजूला धरा. तोंडासमोर आणू नका. ते हुंगायला पुढे आलं, नाक लागलं, की टिक. खाऊ तीन-चार फुटांवर जमिनीवर टाका. असं केल्याने त्याला दर वेळी तुमच्यापासून दूर जायची मुभा मिळते, आणि परत यायचं की नाही ते त्याचं ते ठरवतं. ते आपणहून परत येऊ लागलं की निम्मं काम झालं.

एका वेळी दोन ते तीन मिनिटं पुरेत. पाचपैकी चार-पाच वेळा जमलं तर हात एक फुटावर न्या, मग तीन फुटांवर, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पाचपैकी तीनदा जमलं तर तिथेच राहा. त्याहून कमी असेल तर धडा सोपा करा, कारण अडचण तुम्ही ठेवलेल्या पायरीत आहे. क्रिया पक्की झाल्यावरच शब्द जोडा: आधी ‘नाक’ म्हणा, अर्धा सेकंद थांबा, मग हात पुढे करा. शब्द सगळ्यांचा एकच हवा. आजी ‘इकडे ये’, बाबा ‘कम’ आणि मुलं ‘टच’ म्हणत असतील तर कुत्र्याला तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. या एका धड्यावर बोलावणं, वजनकाट्यावर चढणं, गाडीत बसणं, सगळं उभं राहतं.

लिफ्ट

फ्लॅटमधल्या कुत्र्याची खरी परीक्षा इथे असते: दाराची खडखड, बंद जागा, आत अनोळखी पाय. दुपारी वर्दळ कमी असताना जा. अंगात छातीवर इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा) आणि साधारण दोन मीटरचा पट्टा, तोही सैल. लिफ्ट दिसते आहे आणि कुत्रं खाऊ अलगद घेतं आहे, एवढ्या अंतरावर उभे राहा. चिकन नाकारलं किंवा बोटांवर दात लागतील असं हिसकावलं, तर तुम्ही जास्त जवळ आला आहात.

दाराचा आवाज झाला की चिकन. आवाज थांबला की चिकन बंद. क्रम उलटा करू नका. खाऊ आधी काढला आणि मग खडखड झाली, तर कुत्रं खाऊच्या पिशवीलाच घाबरायला लागतं. आवाज होताच ते ‘कुठे आहे माझं?’ अशा नजरेने तुमच्याकडे वळलं, की एक पाऊल जवळ.

मग कुणाला तरी दार उघडं धरायला सांगा. उंबऱ्याशी खाऊ, मागे. एक पाय आत, खाऊ, मागे. चारही पाय आत, तीन-चार तुकडे, बाहेर. दार बंद होऊन लगेच उघडणं ही वेगळी पायरी, आणि एक मजला जाणं त्याच्याही पुढची. खाऊचं आमिष दाखवून आत ओढून नेणं टाळा: मान लांबवून तुकडा घेतला आणि अचानक आपण आत आहोत असं त्याच्या लक्षात आलं, की ते पुढच्या वेळी तुकड्यालाही भुलत नाही. हे सगळं जमेपर्यंत रोजच्या फेरीला जिना वापरा, किंवा लहान कुत्रं असेल तर उचलून न्या.

ढोल-ताशे आणि फटाके

गणपतीच्या निदान दोन महिने आधी सुरुवात करा. ध्वनिमुद्रण जेमतेम ऐकू येईल इतकं बारीक लावा: आवाज, खाऊ, शांतता, काही नाही. कान मागे गेले तर आवाज कमी करा. खोलीचं दार उघडं ठेवा, त्याला निघून जाता आलं पाहिजे. मोबाइलच्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज नीट येत नाही, म्हणून मोठ्या स्पीकरवरही सराव हवा. तरीही प्रत्यक्ष मिरवणूक वेगळीच असते. जमिनीतून येणारा हादरा ध्वनिमुद्रणात नाही.

प्रत्यक्ष त्या दिवसांत शिकवणी बंद. अंधार पडायच्या आत फिरवून आणा. बाहेर नेताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्हींना स्वतंत्र पट्टा लावा, कारण फटाक्याच्या आवाजाने पट्टा सोडवून पळालेली कुत्री दर दिवाळीत हरवतात. गळपट्ट्यावर फोन नंबर हवा. घरातल्या आतल्या खोलीत खिडक्या-पडदे बंद, पंखा किंवा कूलर चालू, अंथरूण भिंतीला टेकून. ते जवळ आलं तर खुशाल कुरवाळा, धीर दिल्याने भीती वाढत नाही. पलंगाखाली गेलं तर बाहेर ओढू नका.

थरथर, लाळ, दारं ओरबाडणं इतकं होत असेल तर पशुवैद्याकडे सणाच्या काही आठवडे आधी जा. काही औषधं नुसती सुस्ती आणतात आणि भीती तशीच ठेवतात, म्हणून ‘हे भीतीवर काम करतं का?’ असं स्पष्ट विचारा, आणि ठरलेलं औषध एखाद्या शांत दिवशी देऊन त्याचा परिणाम पाहून ठेवा. कालपर्यंत ठीक असलेलं कुत्रं आज अचानक स्पर्शाला किंवा आवाजाला बिचकू लागलं, तर शिकवणीच्या आधी कान, दात आणि सांधे तपासून घ्या.