खाडीतल्या जुन्या बंदराचा इतिहास कसा शोधायचा, दाभोळ धरून सांगतो

बंदराचा इतिहास बघायचा म्हटलं की सगळे आधी किल्ल्यावर चढतात, फोटो काढतात आणि परत. माझ्या मते किल्ला शेवटी बघा, आधी पाणी बघा. खाडीतलं बंदर भरती-ओहोटीवर चालायचं, ते कळलं नाही तर बाकी नुसती सनावळी.

तर आधी कॅलेंडर काढा. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथी गुणिले तीन भागिले चार, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला लागून एक-दोन दिवसांत जा कारण तेव्हा उधाण असतं आणि पाणी खालीही खूप जातं, म्हणजे द्वितीयेला दीडची भरती धरली तर सकाळी साडेसातला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी मिळते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा गेलात तर एवढा फरक दिसणारच नाही.

सुकतीला रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीच्या मुखाशी असलेल्या दाभोळच्या धक्क्यावर उभे राहा आणि वाळू कुठे उघडी पडते, होड्या कुठून वळसा घेऊन येतात ते बघा. भरलेलं गलबत भरतीची वाट बघत का थांबायचं ते तिथेच समजतं. आता हेच छोटं बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात किती मोठं होतं बघा, इथून थेट इराणच्या आखातातल्या होर्मुझला जहाजं जायची, आणि १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दीवच्या लढाईला जाता जाता हे शहर जाळलं. खाडीकाठची आदिलशाही मशीद बघितली की त्या श्रीमंतीचा अंदाज येतो.

मग फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला उतरा, गाडीसकट जाता येतं. तिथून अंजनवेलचा गोपाळगड. आता चढा किल्ल्यावर, हरकत नाही 😄 पण वरून खाडीचं तोंड बघा. हा किल्ला १७४५ मध्ये तुळाजी आंग्रेंनी सिद्दीकडून घेतला. तोंडाशी अंजनवेल आणि वर चिपळूणजवळ गोवळकोट, ही दोन टोकं ज्याच्या हातात त्याच्या हातात खाडीतली सगळी ये-जा.

म्हणून गोवळकोट चुकवू नका, बहुतेक लोक हेच चुकवतात. भरतीचं पाणी वाशिष्ठीतून आत जवळजवळ ४० किमी चिपळूणपर्यंत जातं, घाटावरचा माल कुंभार्ली घाट उतरून इथे यायचा आणि होडीत चढायचा. मग एकीकडे गाळ साचत गेला, दुसरीकडे मोटारी आणि ट्रक आले, की अशा बंदराचं काम संपतंच. भरतीचा जोर मात्र अजून आहे, जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात पावसाच्या जोडीला भरती होतीच.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना "इतिहास सांगा" म्हणू नका, काही हाती लागत नाही. त्यापेक्षा आजोबा, मुंबईची बोट कुठे उभी राहायची, पडावातून (छोट्या होडीतून) बोटीत कसं चढायचात, मीठ कुठे उतरायचं असं विचारा, मग थांबवावं लागतं. पडक्या घराचं कौल दिसलं तर उलटून बघा, कारखान्याचं नाव आणि मँगलोर असं उठावदार अक्षरांत सापडेल, तो माल समुद्रानेच यायचा. कौलावर साल असलं तर ते घराचं समजू नका हां, बरेचदा कारखाना सुरू झाल्याचं असतं.

घरी आल्यावर रत्नागिरीचं १८८० चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ उघडा, नेटवर फुकट आहे. त्यात बंदरांची माहिती आहे. आधी वाचलंत तर रुक्ष वाटेल, जागा बघून वाचलंत तर प्रत्येक ओळ कुठली ते कळतं.

आणि हो, फोटोसाठी चिखलात उतरू नका. गाळात पाय मांडीपर्यंत जातो, आणि वाशिष्ठीत मगरी आहेत, चिपळूणला त्या दाखवायला बोटी नेतात एवढ्या आहेत.