मित्राचा कुत्रा सांभाळायला घेताय? या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की मला फोन सुरू होतात. "मित्राचा कुत्रा आठ दिवस आमच्याकडं आहे, कालपासून काही खाईना, काय करू?" पुढचं न विचारताच मला कळतं. कुत्रा आला त्याच संध्याकाळी सगळी गल्ली त्याला बघायला बोलावलेली असते, पोरांनी त्याच्या गळ्यात पडून फोटो काढलेले असतात आणि त्याचं अंथरूण धुऊन वाळत घातलेलं असतं. गेली बारा-तेरा वर्षं मी मित्रांचे, शेजाऱ्यांचे, पाव्हण्यांचे कुत्रे घरी ठेवतोय. कुत्रे वेगवेगळे, माणसांच्या चुका मात्र त्याच त्या. सोलापुरात राहून हे काम करणाऱ्यानं काय टाळावं, ते एकदा लिहूनच काढतो.

अंथरूण धुऊ नका, फाटक उघडं ठेवू नका

सोन्या माझ्या मित्राचा लॅब्रेडॉर. मित्र हुबळीला लग्नाला निघाला, तेव्हा सोन्याबरोबर त्यानं एक जुनी सोलापुरी चादर दिली. दशा निघालेली, कुत्र्याच्या केसांनी भरलेली. पाव्हण्याचं अंथरूण स्वच्छ असावं म्हणून आईनं ती लगेच साबणात भिजवली आणि मी तिला थांबवलं नाही. त्या चादरीला मित्राच्या घराचा वास होता. अनोळखी घरात सोन्याच्या ओळखीची तेवढी एकच गोष्ट, तीही आम्ही धुऊन टाकली. वाळलेली चादर त्यानं दोनदा हुंगली आणि दाराशी फरशीवर जाऊन बसला. रात्रभर तिथंच.

पहाटे नळाला पाणी आलं. चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा घरात काय धांदल उडते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मोटर लाव, पाइप ओढ, बॅरल भर. पाइपासाठी फाटक हातभर उघडं राहिलं आणि तेवढ्यात सोन्या गेला.

पुढचा दीड तास आठवला की अजून पोटात गोळा येतो. गल्लीतली पोरं दोन मोटारसायकलींवरून "सोन्या, सोन्या" ओरडत सुटली. तो दिसायचा, हे धावायचे की तो आणखी लांब पळायचा. विजापूर रोडवर तर एका ट्रकच्या अगदी पुढून गेला. घाबरलेल्या कुत्र्याला मागून धावत येणारा माणूस म्हणजे संकटच वाटतं. शेवटी किटल्या लावलेली गाडी थांबवून एक म्हातारा गवळी म्हणाला, "अबे, पळू नका बे त्याच्यामागं. तुम्ही बसलाव की तो पण थांबतंय."

मग मी मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "मी जाताना गाडी जिथं वळवली ना, तिथं बघ. आणि कडक भाकरी घेऊन जा." कोपऱ्यावरच्या लिंबाखाली सोन्या उभा होता, गाडी गेली त्या बाजूला तोंड करून. मी त्याच्याकडं न बघता, पाठ थोडी वळवून रस्त्याकडेला बसलो आणि भाकरीचा तुकडा मोडला. कडक ज्वारीची भाकरी मोडताना जो आवाज होतो, तो त्याच्या ओळखीचा होता. मित्र रोज संध्याकाळी त्याला तसाच तुकडा मोडून देतो. सोन्याचे कान उभे राहिले. दोन पावलं, थांबला, परत दोन पावलं. तिसऱ्या तुकड्याला त्याचं नाक माझ्या तळहाताला लागलं, ओलं आणि गार. तेव्हा कुठं मी पट्ट्यात साखळी अडकवली.

त्या दिवसापासून माझ्याकडं कुठलाही कुत्रा आला की पहिले तीन दिवस फाटक उघडायच्या आधी घराचं दार लावायचं. पाण्याच्या दिवशी कुत्रा आतल्या खोलीत. बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही, कारण घाबरलेला कुत्रा मागं सरकला की गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटतो. पट्ट्यावर माझा आणि मालकाचा, दोघांचे नंबर. आणि मित्राला मी आधीच विचारून ठेवतो, घरी याला कुठला आवाज ओळखीचा आहे? डब्याचा, साखळीचा, भाकरीचा. हे विचारायला लोकांना सुचत नाही. कुठला डॉग फूड आणू, हे मात्र दहा वेळा विचारतात.

उन्हात फिरवणं

यावर मला राग आवरत नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 वर जातो. सकाळी दहाला कुत्रा डांबरी रस्त्यावर घेऊन निघालेला माणूस स्वतः चप्पल घालून असतो. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही सोसत नाही. उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला नेतो आणि सहा-साडेसहाला परत येतो. संध्याकाळी अंधार पडल्याशिवाय नाही, कारण सूर्य मावळला तरी रस्ता बराच वेळ तापलेला असतो.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. त्याचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. ते 41 च्या वर गेलं की जिवाला धोका. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबतेय, लाळ चिकट आणि दाट झालीय, हिरड्या लालभडक दिसतायत, चालताना तोल जातोय, असं दिसलं की लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि जनावरांच्या डॉक्टरकडं निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. आणखी एक सोलापुरी अडचण म्हणजे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून उकळल्यासारखं येतं. ते त्याच्या अंगावर ओतून काय उपयोग? म्हणून मी पहाटेच दोन बादल्या भरून मोरीत झाकून ठेवतो. त्याच्या पिण्याचं भांडं माठाच्या पाण्यानं भरतो आणि दिवसातून चारदा बदलतो.

व्यायाम लवकर उरकावा म्हणून कुत्र्याला स्कूटरच्या बाजूनं पळवणारे लोक मी होटगी रोडला पाहिलेत. असं कधीच करू नका. दमला तरी तो थांबत नाही, कारण साखळी तुमच्या हातात असते. कुत्र्यासाठी सकाळचा अर्धा तास निघत नसेल, तर कुत्रा सांभाळायला घेऊ नये.

ताटातलं देणं

"एवढंसं दिलं तर काय होतंय" हे वाक्य मला ऐकवत नाही. आपल्या शेंगाचटणीत लसूण असतो, भाजीत कांदा असतो. दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींना मारक. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. द्राक्षाच्या हंगामात पाव्हणे पेटी घेऊन येतात, ती टेबलाखाली ठेवू नका. चॉकलेट नको. शिजवलेल्या मटणाची हाडं नकोत, ती टोकदार तुटून आतड्यात रुततात. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका. मालक रोज जे देतो तेच, त्याच वेळेला, त्याच भांड्यात. धडधाकट मोठा कुत्रा पहिला दिवस उपाशी राहिला तर घाबरू नका. पण पाणीही पीत नसेल किंवा दुसरा दिवसही तसाच गेला, तर डॉक्टर.

बाकीचं थोडक्यात सांगतो. लसीकरणाचं कार्ड मित्राकडून मागून घ्या. चावला किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रोज रात्री कानामागं आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. गल्लीतल्या कुत्र्यांशी ओळख करून द्यायला जाऊ नका. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी कुत्रा तुमच्याकडं असेल, तर होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या संध्याकाळी त्याला लवकर फिरवून आणा, खिडक्या लावा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा आणि घरातलं एक माणूस त्याच्याजवळ बसू द्या. तो पलंगाखाली गेला तर ओढून बाहेर काढू नका.

त्याला येऊ द्या

पहिल्या दिवशी कुत्र्याचा लाड करायची घाई बहुतेकांना असते. मला वाटतं, इथंच सगळ्यात जास्त लोक चुकतात. डोक्यावरून हात, मिठी, डोळ्यांत डोळे घालून बघणं. अनोळखी कुत्र्याला हे नको असतं. मी दोन दिवस त्याला हातच लावत नाही. जेवण, पाणी, फिरणं वेळेवर करायचं आणि उरलेला वेळ त्याच खोलीत आपलं काम करत बसायचं.

सोन्यानं तीन दिवस घेतले. तिसऱ्या संध्याकाळी मी जोत्यावर शेंगा सोलत बसलो होतो. तो आला, शेजारी बसला, मोठा श्वास सोडला आणि हनुवटी माझ्या पावलावर टेकवली. चांगलं जड डोकं. पाय सुन्न झाला तरी मी हलवला नाही. पुढचे पाच दिवस रोज त्याच वेळेला तो तिथं यायचा. ती संध्याकाळ आपली व्हावी, म्हणून तर मी हे सगळं करतो.

कुत्रा परत देताना काय खाल्लं, शी-शू कशी होती, गोचीड निघाली का, हे मित्राला नीट सांगा. आणि चादर परतही न धुता द्या. पुढच्या खेपेला सोन्या आला, तेव्हा मित्रानं चादर आणायची विसरली होती. आम्ही आमच्या घरातली, आईच्या अंगावरची जुनी चादर अंथरली. त्यानं ती चारी बाजूंनी हुंगली, दोनदा गोल फिरला आणि बसला.