आत्तीच्या हातची चटणी पुन्हा जमवताना

घरचा स्वयंपाक वर्षानुवर्षे सांभाळणारे माणूस गेले की साड्या वाटल्या जातात, भांडी वाटली जातात, पण तिने केलेल्या चटणीची बरणी मात्र कोणाच्या ध्यानातही न येता रोजच्या जेवणात रिकामी होऊन जाते. तिच्या हातचे पदार्थ पुढे करत राहून तिची आठवण जपायची असेल, तर सर्वांत आधी ती बरणी थांबवावी. उरलेल्या चटणीतील निदान चार चमचे काचेच्या कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे आणि बाटलीवर साल लिहावे. आमची आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गेली तेव्हा हे आम्हाला बरणीच्या तळाशी गेल्यावर सुचले. तरीही उरलेली दोन चमचे चटणी पुढे कोणत्याही वहीपेक्षा अधिक उपयोगी पडली, कारण रंग आणि वास ताडून पाहायला दुसरे काही नव्हते.

कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटातले तोंडीलावणे नव्हे, तर वर्षाचा कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे. तांबडा रस्सा, आमटी, भरली वांगी, मिसळीचा कट, या सगळ्यांची चव त्या एका बरणीतून येते. त्यामुळे ‘तिच्यासारखा रस्सा’ करायला निघालेल्यांनी रश्श्यापासून सुरुवात करू नये. चटणी जमेपर्यंत रस्सा जमत नाही.

माहिती गोळा करताना ‘ती काय काय घालायची?’ असे विचारू नये. त्यावर सगळे ‘नेहमीचेच’ असे उत्तर देतात. त्याऐवजी बाजारातून काय आणायला कोणाला पाठवत असे, निवडायला कोण बसत असे, वाळवण कोठे घालत असे, हे विचारावे. आमच्या चुलतभावाला मसाल्यातले काहीच ठाऊक नव्हते, पण लक्ष्मीपुरीतून आणलेली मिरची देठासकट तोलून घेतल्याबद्दल खाल्लेली बोलणी त्याला शब्दशः आठवत होती, आणि त्यातून वजन देठ काढल्यावरचे धरायचे हे आम्हाला कळले. दरवर्षी ज्या डंकावर चटणी कुटली जात असे, तेथेही जरूर जावे. डंकावर मसाला कुटला जातो, पिठाच्या गिरणीसारखा दळला जात नाही, आणि ते काम पाहणाऱ्या माणसाला कोणत्या घरची चटणी जाडसर असते आणि कोणत्या घरची बारीक, हे बहुधा सांगता येते.

जुनी वही सापडली तर मापांपाशी अडखळायला होते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा असला, तरी स्वयंपाकघरातून शेर आणि छटाक इतक्या लवकर गेले नाहीत. तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम (हल्ली सराफ १० ग्रॅमचा धरतात, तो येथे चालणार नाही), पाच तोळ्यांचा छटाक म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. चिपटे आणि मापटे ही मात्र भरून मोजायची मापे आहेत. एका शेरात दोन मापटी किंवा चार चिपटी बसतात, आणि चिपटेभर धण्यांचे वजन चिपटेभर तिळांइतके भरत नाही. म्हणून तिचे चिपटे, वाटी किंवा पळी घरात असेल तर तेच घ्यावे, प्रत्येक जिन्नस तीनदा भरून काट्यावर तोलावा आणि सरासरी लिहून ठेवावी. मुठीच्या मापाला इलाज एकच आहे: घरात तिच्याएवढ्या हाताची बाई शोधावी.

आमच्याकडे अखेरीस ठरलेले प्रमाण असे आहे. देठ काढलेली मिरची १ किलो, त्यात रंगासाठी ब्याडगी अर्धा किलो, चवीसाठी गडहिंग्लजच्या बाजारातली जवारी संकेश्वरी पाव किलो आणि तिखटपणासाठी लवंगी पाव किलो. कांदा अर्धा किलो, लसूण, सुके खोबरे, धणे आणि खडे मीठ प्रत्येकी पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, आणि थोडा गरम मसाला. कांदा उभा चिरून उन्हात चांगला सुकवावा आणि मगच तेलात तांबूस तळावा, कारण ओलावा राहिला तर चटणीला वर्ष काढता येत नाही. खसखस आणि तीळ कोरडे भाजावेत, मिरची अगदी थोड्या तेलावर परतावी. हे सर्व मार्च ते मे या कडक उन्हाच्या दिवसांतच करावे. भाद्रपदातल्या म्हाळाला तिच्या आवडीचे पदार्थ ताटात वाढायचे असतील, तर त्याची तयारी चैत्रातच सुरू होते.

पहिल्या खेपेला पाव किलो मिरचीचीच चटणी करावी आणि ती चाखायला माणसे नीट निवडावीत. येथे आमची बरीच भांडणे झाली. मुंबईला राहणाऱ्या धाकट्या काकांना आत्तीची चटणी जाळ वाटायची, तर शेवटची दहा वर्षे तिच्याजवळ जेवलेल्या वहिनींना ती मध्यम तिखट आठवत होती. दोघांचेही खरे होते. वय झाल्यावर तिने लवंगी कमी केली होती आणि खसखस महागल्यावर तीळ वाढवले होते. कोणत्या वर्षीची चव परत आणायची हे आधी ठरवावे, नाहीतर दर खेपेला वेगळ्याच आठवणीच्या मागे धावणे होते. माझ्या मते शेवटच्या वर्षांची धरावी, कारण ती ताडून पाहणारी माणसे अजून घरात आहेत.

चटणी जमली की रस्से सोपे आहेत. मटण आले-लसणाच्या वाटणात शिजवून त्याचे अळणी पाणी वेगळे काढावे. एका वाट्याला चटणी आणि खोबऱ्याचे वाटण घालून तांबडा होतो, दुसऱ्यात खसखस-काजूचे वाटण आणि नारळाचे दूध घालून पांढरा. पांढऱ्यासाठी हळद टाळावी, आणि नारळाचे दूध घातल्यावर खळखळ उकळू देऊ नये, नाहीतर ते फुटते.

वहीत लिहिताना पानाचे दोन भाग करावेत: डावीकडे ती करत असे ते, उजवीकडे आपण केलेला बदल. डावी बाजू सुधारू नये. आत्ती चटणीत मीठ जरा जास्तच घालत असे. आम्ही ते उजवीकडे २०० ग्रॅम केले आहे, डावीकडे पाव किलोच ठेवले आहे, आणि म्हाळाच्या ताटातल्या आमटीला डावीकडच्या मापाची चटणी वापरतो.