निर्बंध असलेल्या देशात जाताय? प्रवेशाच्या कागदपत्रांतील या चुका टाळा

लातूरचा सोयापेंड व्यापारी, नांदेडहून वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेला विद्यार्थी आणि छत्रपती संभाजीनगरहून इराणमधील मशहद व कुम येथे जियारतीला (तीर्थयात्रेला) जाणारे कुटुंब यांची कारणे निरनिराळी असली, तरी तिकीट काढताना तिघांनाही एकच प्रश्न पडतो. त्या देशावर निर्बंध आहेत, मग तेथे कायद्याने जाता येते का? बहुतेक वेळा जाता येते, कारण निर्बंध प्रामुख्याने बँक व्यवहार, व्यापार, शस्त्रे आणि ठरावीक व्यक्ती व संस्था यांच्यावर असतात; सामान्य प्रवाशाच्या येण्याजाण्यावर नसतात. अमेरिकेने किंवा युरोपीय संघाने स्वतःहून घातलेले निर्बंध भारतीय नागरिकाला प्रवासबंदी करत नाहीत. म्हणून भारत जाऊ देतो का, तो देश येऊ देतो का आणि पुढे एखादा तिसरा देश अडवेल का, हे तीन प्रश्न वेगवेगळे तपासावे लागतात. बहुतेक अडचणी हे तीन प्रश्न एकत्र कालवल्यामुळेच उभ्या राहतात.

भारताच्या बाजूने पाहिले, तर येमेनसाठी २०१७ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून भारतीय पासपोर्टवरील प्रवासावर बंदी घातली. अशा ठिकाणी त्या देशाचा व्हिसा हाती असूनही परवानगीशिवाय जाता येत नाही. दुसरी गोष्ट मराठवाड्यातून मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्यांच्या जिवावर बेतणारी आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) ही नोंद असते आणि सुदान, लिबिया, अफगाणिस्तान, इराक यांसह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना तिला उत्प्रवास मंजुरी, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी, घ्यावी लागते. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, कामाचे कागद तिथे होतील’ असे सांगणारा दलाल ही मंजुरी टाळायला सांगत असतो, आणि ती टाळली की तिकडे पगार बुडाला तरी मजुराजवळ नोंदवलेला करार उरत नाही. पैसे देण्यापूर्वी दलालाचा परवाना ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहावा. परवाना नसेल तर बोलणी तेथेच थांबवावीत.

इराणच्या बाबतीत जुन्या माहितीवर विसंबून राहण्याची चूक सर्वांत जास्त होते. फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना विमानाने येऊन १५ दिवस व्हिसाविना राहण्याची सवलत होती, परंतु नोकरीचे किंवा पुढे तिसऱ्या देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून भारतीयांना इराणमध्ये नेऊन खंडणीसाठी डांबल्याचे प्रकार घडल्यानंतर २२ नोव्हेंबर २०२५ पासून सर्वसाधारण पासपोर्टसाठी ती स्थगित झाली. तेव्हापासून प्रवेशासाठीच नव्हे, तर तेथून पुढे जाण्यासाठीही व्हिसा लागतो. मशहद पाहून करबलेला जाणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी: इराकमध्ये जाऊन इराणमार्गे परतायचे असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पहिल्या निर्गमनातच संपतो, म्हणून अर्ज करतानाच दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. पासपोर्टवर इस्रायलच्या प्रवासाची खूण असल्यास इराण प्रवेश नाकारू शकतो. व्यापाऱ्याने पर्यटक व्हिसावर सौद्याच्या बैठकी करू नयेत. त्यासाठी व्यावसायिक व्हिसा असतो. परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाबद्दलची ताजी सूचना तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, अशी दोनदा वाचावी.

रशियाचा ई-व्हिसा सोपा आहे, म्हणूनच त्यात हमखास घोळ होतो. ऑगस्ट २०२५ पासून तो १२० दिवस वैध असतो आणि त्या मुदतीत ३० दिवसांपर्यंत राहता येते. १२० दिवस राहता येते, असा त्याचा अर्थ नाही. जुन्या लेखांत आढळणारे मुक्कामाचे १६ आणि वैधतेचे ६० दिवस हे आकडे आता लागू नाहीत. हा व्हिसा सर्व सीमांवर चालत नाही, म्हणून ज्या विमानतळावर किंवा नाक्यावर उतरायचे, त्याचे नाव अधिकृत यादीत आहे ना, हे पाहावे. शिक्षणासाठी तर तो मुळीच नाही: विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या निमंत्रणावर अभ्यास व्हिसा काढावा लागतो आणि दीर्घ वास्तव्यासाठी एचआयव्ही चाचणीचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. पोहोचल्यावर सात कामकाजी दिवसांत राहत्या पत्त्याची नोंदणी व्हावी लागते. हॉटेल किंवा वसतिगृह ती करते, पण ओळखीच्या माणसाच्या घरी उतरल्यास यजमानाला करावी लागते आणि नेमकी तीच राहून जाते.

मराठी नावांमुळे होणारी चूक वेगळी सांगायला हवी. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. अर्जात ते वगळले किंवा आडनावाच्या रकान्यात टाकले, तर व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाहीत आणि विमान कंपनी काउंटरवरच थांबवते. पासपोर्टच्या तळाशी यंत्रासाठी छापलेल्या दोन ओळींत नाव जसे आहे, तसेच अक्षरशः भरावे. मंजूर झालेल्या ई-व्हिसात चूक दिसली, तर विमानतळावर विनवण्या करण्यापेक्षा तारीख पुढे ढकलून नवा अर्ज करणे स्वस्त पडते.

पैशांचे नियोजन प्रवेशाच्या वेळीच तपासले जाऊ शकते. भारतात काढलेली ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ या कंपन्यांची बँक कार्डे रशियात मार्च २०२२ पासून चालत नाहीत आणि इराणमध्येही चालत नाहीत. हे ओळखून रिझर्व्ह बँकेने एरवी असलेली प्रति प्रवास ३,००० डॉलरच्या रोख नोटांची मर्यादा इराण व रशियासाठी शिथिल ठेवली आहे: वार्षिक अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत संपूर्ण चलन नोटांत घेता येते. ते अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जवळ ठेवावी. परतताना ५,००० डॉलरहून अधिक नोटा जवळ असतील, तर सीमाशुल्काकडे घोषणापत्र भरावे लागते. प्रवास विमा घेताना निर्बंधांमुळे दावा नाकारण्याचे कलम आहे का, हेही वाचावे.

तिसऱ्या देशाचा प्रश्न घरातील परदेशस्थ नातेवाइकांना अधिक लागू पडतो. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला भाऊ १ मार्च २०११ नंतर इराणला जाऊन आला असेल, तर काही शासकीय अपवाद वगळता त्याला अमेरिकेत व्हिसाविना जाता येत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. क्युबासाठीही २०२१ च्या जानेवारीपासून तोच नियम आहे. ग्रीन कार्डधारकांना तर क्युबाविषयीचे अमेरिकी निर्बंध थेट लागू होतात. भारतीय पासपोर्टधारकाला अमेरिकेच्या व्हिसा अर्जात गेल्या पाच वर्षांत भेट दिलेले देश लिहावे लागतात. इराणची यात्रा लपवू नये. यात्रेमुळे अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण खोटी माहिती कायमची अपात्रता ओढवून घेऊ शकते. यात्रेची तिकिटे, व्हिसाची प्रत आणि मुक्कामाच्या पावत्या किमान पाच वर्षे एका धारिकेत जपून ठेवाव्यात.