कळतं पण वळत नाही? कन्फ्यूशियन नीतिविचार वाचताना या चुका टाळा

योग्य काय ते ठाऊक असूनही माणूस ते करत का नाही, हा प्रश्न चीनमधल्या कन्फ्यूशियन विचारवंतांनी दोन हजार वर्षांहून जास्त काळ लावून धरला. त्यांची उत्तरं वाचताना आपण बहुतेक वेळा सुरुवातीलाच अडखळतो. ज्ञान म्हणजे माहिती असं धरून चालतो आणि त्या माहितीला कृतीपर्यंत ढकलणारी ताकद बाहेर कुठेतरी शोधत बसतो. पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात.

‘ज्ञान आणि कृती एकच’ हा उपदेश समजणं

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. चीनमधल्या मिंग राजघराण्याच्या काळातला अधिकारी आणि विचारवंत वांग यांगमिंग (१४७२–१५२९) याने दरबारातल्या लिउ जिन या बलाढ्य खोजाचा रोष ओढवून घेतला. त्याला फटके मारून नैऋत्येकडच्या दुर्गम ग्वेइझोउ प्रांतात लोंगचांगला धाडण्यात आलं. तिथे १५०८ साली त्याच्या विचारांना नवं वळण मिळालं आणि लवकरच तो ज्ञान-कृतीचं ऐक्य शिकवू लागला.

शु आय या शिष्याने त्याला थेट विचारलं: आईवडिलांची सेवा करावी, थोरल्या भावाचा मान राखावा हे लोकांना ठाऊक असतं, तरी ते तसं वागत नाहीत. मग ज्ञान आणि कृती वेगळीच झाली ना? वांगचं म्हणणं असं की, स्वार्थी इच्छांनी त्या दोन्हींची ताटातूट केली आहे. मुळात ती तशी नाहीत. ज्याला कळतं पण वळत नाही, त्याला अजून कळलेलंच नाही. दुर्गंधी नाकात शिरते त्याच क्षणी किळस येते. आधी वास ओळखला आणि मग किळस करायचं ठरवलं, असं होत नाही. नाक चोंदलेल्या माणसाला समोरच्या घाणीची किळस येत नाही, कारण त्याला वास आलेलाच नसतो.

आता याचा अर्थ ‘ज्ञान आचरणात आणा’ असा लावला, तर वांग जे खोडत होता तेच आपण त्याच्या तोंडी घातलं. आधी जाणून घ्या आणि करण्याचं नंतर बघा, हीच त्याच्या मते रोगाची मुळी. तेव्हा त्याला वाचताना ‘इच्छाशक्ती कशी वाढवू?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘नाक कशाने चोंदलंय?’ हे विचारा.

चांगला विचार आला म्हणजे काम झालं, असं धरणं

मनात विचार उठला की तिथेच कृती सुरू झाली, असं वांग म्हणतो खरं. पण तो हे म्हणतो वाईट विचारांबद्दल: ‘अजून केलं कुठे?’ म्हणत लोक त्यांना मोकळं सोडतात, म्हणून. चांगल्या विचारांना तोच न्याय लावला की आळसाला पाठबळ मिळतं. नंतरचा विचारवंत वांग फूझी (१६१९–१६९२) याने आक्षेप घेतला तो नेमका यावरच: अशाने कृती ज्ञानात विरघळून जाते. माझ्या मते हा आक्षेप वजनदार आहे. यांगमिंगच्या बाजूने एवढं सांगायला हवं की, एखाद्याने मातृपितृभक्ती प्रत्यक्ष केल्यावरच ती त्याला कळली म्हणता येईल, नुसत्या बोलण्यावरून नाही, हे त्याने शु आयला त्याच संवादात बजावलं होतं.

मेन्शियसचा बैल: नुसता तर्क किंवा नुसती करुणा

छी राज्याचा राजा श्वान दरबारात बसलेला असताना खालून एक बैल नेला जात होता. नव्या घंटेला त्याचं रक्त लावायचं होतं. त्याचं भेदरलेलं रूप राजाला बघवेना. ‘सोडा त्याला, मेंढी घ्या,’ तो म्हणाला. लोकांना वाटलं, राजा चिक्कू आहे. मेन्शियस या प्राचीन कन्फ्यूशियन विचारवंताने मात्र सांगितलं की राजाने बैल पाहिला होता, मेंढी पाहिली नव्हती. आणि राज्य नीट चालवायला हेच मन पुरेसं आहे. राजा खूश झाला. आपण असं का केलं ते त्याचं त्यालाच उमगत नव्हतं; मेन्शियसच्या बोलण्याने ते मन पुन्हा हललं.

मग मेन्शियस मुद्द्यावर येतो. तुमची दया जनावरापर्यंत पोचते आणि प्रजेपर्यंत पोचत नाही, हे कसं? ताइ पर्वत काखेत घेऊन समुद्र ओलांडणं हे ‘जमत नाही’. वडीलधाऱ्यांसाठी एवढंसं काम न करणं हे ‘करत नाही’. इथे बरेच वाचक म्हणतात, मेन्शियस राजाला विसंगतीत पकडतो. पण विसंगती दाखवल्याने कुणाला दया येत नाही. दुसरे म्हणतात, नुसती भावना चेतवायची आहे. तसं असतं तर ‘तोलून बघा’ असं तो राजाला सांगता ना. खरं काम या दोन्हींच्या मधे आहे: जी कळवळ आधीच आहे ती ओळखायची आणि तिचा रोख प्रजेकडे वळवायचा. तेही जबरदस्तीने नव्हे; रोपं लवकर वाढावीत म्हणून ती उपटून वर ओढणाऱ्या सोंग राज्यातल्या माणसाची गोष्ट त्यानेच सांगितली आहे.

सगळ्यांना एका माळेत ओवणं

वांग यांगमिंगच्याही आधीचा विचारवंत झू शी (११३०–१२००) याच्या मते क्रमात ज्ञान आधी, पण वजन कृतीला जास्त; म्हणजे ऐक्य नव्हे. त्याच्या आधीचा चंग यी ‘खरं ज्ञान’ वेगळं काढतो: वाघ धोकादायक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वाघाचं नाव निघताच चेहरा पालटतो तो ज्याला वाघाने कधी जखमी केलंय त्या शेतकऱ्याचा. प्राचीन काळातला शुन्झी तर माणसात चांगुलपणाचे अंकुर उपजत असतात हे मेन्शियसचं म्हणणंच मानत नाही. त्याच्याकडे मन एखाद्या गोष्टीला मान्यता देतं आणि त्या मान्यतेच्या जोरावर इच्छेला आवर घालतं. आणि मान्यता योग्य गोष्टीलाच मिळावी म्हणून गुरू आणि विधी लागतात. त्यामुळे शुन्झी हातात घेताना मेन्शियसची अंकुरांची भाषा सोबत नेऊ नका.