फाइल शोधणारी साधनं: कोणतं कुठे पाहतं आणि कुठे पाहत नाही

संगणकात फाइल शोधून देणारी साधनं वरून सारखीच दिसतात. एक चौकट, तिच्यात शब्द टाकायचा, खाली यादी येते. आतलं काम मात्र तीन तऱ्हांनी चालतं. काही साधनं फक्त फाइलींच्या नावांची यादी ठेवतात. काही आतला मजकूर आधीच वाचून त्याचा इंडेक्स, म्हणजे कोणता शब्द कोणत्या फाइलीत आहे याची सूची, तयार ठेवतात. काही आधी काहीच करत नाहीत, शोध सुरू झाला की एकेक फाइल उघडून वाचत सुटतात. त्यामुळे ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘मी पाहिलं तिथे नाही’ एवढाच असतो. निवड करताना वेग नंतर बघा. ते कुठे पाहत नाही, हे आधी बघा.

नाव किंवा नावाचा तुकडा आठवत असेल, तर विंडोजवर ‘एव्हरीथिंग’ या प्रोग्रॅमला तोड नाही. एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची नेहमीची पद्धत) असलेल्या ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची नोंद ‘मास्टर फाइल टेबल’ या तक्त्यात असते. एव्हरीथिंग फोल्डरमागून फोल्डर फिरत बसत नाही, थेट तो तक्ता वाचतं. पुढचे बदल विंडोज स्वतःच ‘यूएसएन जर्नल’मध्ये नोंदवत असतं, ते तिथून उचलतं. म्हणून १० लाख फाइलींची पहिली यादी साधारण मिनिटभरात होते आणि तिला ७५ एमबीच्या आसपास मेमरी पुरते. तक्ता वाचायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. इन्स्टॉल करताना ‘एव्हरीथिंग सर्व्हिस’ निवडली की दरवेळी परवानगी द्यावी लागत नाही.

अडचण येते पेनड्राइव्हवर. त्यावर फाइली साठवायची पद्धत बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ असते, तिच्यात हा तक्ताच नसतो, म्हणून त्यावरच्या फाइली दिसत नाहीत. नेटवर्कवरच्या फोल्डरचंही तेच. उपाय सोपा आहे: ऑप्शन्समध्ये इंडेक्सेसखालच्या ‘फोल्डर्स’मध्ये तो ड्राइव्ह किंवा फोल्डर जोडा आणि तिथेच पुन्हा तपासणीची वेळ ठरवून द्या.

शोधताना दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजे ‘दोन्ही हवेत’, उभी रेघ म्हणजे ‘यांपैकी कुठलाही’, शब्दाआधी उद्गारचिन्ह म्हणजे ‘हा नको’. एवढ्या तीन खुणांवर रोजचं बहुतेक काम भागतं. मजकुरातला शब्द शोधायची सोयही एव्हरीथिंगमध्ये आहे, पण १.४ आवृत्ती त्यासाठी फाइली तिथल्या तिथे उघडून वाचते. आधी फाइलचा प्रकार आणि तारीख देऊन यादी शे-दोनशेवर आणा, मगच तो पर्याय वापरा. नाहीतर वाट पाहत बसावं लागतं.

विंडोजचा स्वतःचा शोध अनेकजण नावं ठेवून बंद करतात. तो खरं तर बरा आहे, फक्त त्याची हद्द माहीत हवी. सेटिंग्जमधल्या ‘सर्चिंग विंडोज’मध्ये ‘क्लासिक’ आणि ‘एन्हान्स्ड’ असे दोन पर्याय असतात. क्लासिकमध्ये लायब्ररीतले (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे) फोल्डर आणि डेस्कटॉप एवढंच इंडेक्समध्ये येतं. ‘डी’ ड्राइव्हवरची कागदपत्रं त्यात नसतातच. संपूर्ण संगणक हवा तर एन्हान्स्ड निवडा, किंवा क्लासिकच ठेवून हवे ते फोल्डर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मधून जोडा. दुसरा मार्ग जास्त चांगला. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार ४ लाख नोंदींनंतर हा इंडेक्स मंदावू शकतो आणि कमाल मर्यादा १० लाखांची आहे.

एखाद्या प्रकारच्या फाइलींमधला मजकूर सापडत नसेल, तर इंडेक्सिंग ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, फाइल टाइप्स असं जा आणि त्या प्रकारापुढे नुसते गुणधर्म नव्हे, तर ‘फाइल कंटेंट्स’ही निवडलंय का ते पाहा. सगळंच बिनसलं असेल तर अ‍ॅडव्हान्स्डमध्येच ‘रीबिल्ड’ आहे. तुम्ही काम करत असलात की इंडेक्सिंग मुद्दाम हळू चालतं, म्हणून रीबिल्ड लावून चार्जर जोडून संगणक तसाच सुरू ठेवावा.

एव्हरीथिंग आणि विंडोजचा शोध या दोघांतला एक फरक फार फसवतो. एव्हरीथिंग अक्षरांचा कुठलाही सलग तुकडा जुळवतं. विंडोज शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतं. फाइलचं नाव ‘मासिकअहवाल’ असं जोडून लिहिलं असेल, तर ‘अहवाल’ टाकल्यावर एव्हरीथिंग ती लगेच दाखवतं, विंडोज मात्र चुकू शकतं.

मजकुरावरूनच नेहमी शोध घ्यायचा असेल तर मजकुराचा इंडेक्स ठेवणारे डॉकफेचर किंवा रिकॉल हे प्रोग्रॅम पाहा. डॉकफेचर जावा या सॉफ्टवेअरवर चालतं आणि तुम्ही सांगाल तेवढ्याच फोल्डरचा इंडेक्स करतं. झिपच्या आतही पाहतं. त्यात नुसते दोन शब्द टाकले तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे ‘यांपैकी कुठलाही’ असा अर्थ होतो आणि ढीगभर निकाल येतात. प्रत्येक शब्दाआधी अधिक चिन्ह लावा, किंवा सलग शब्द अवतरणचिन्हांत घाला. रिकॉल लिनक्सवर जास्त वापरलं जातं. वेगवेगळे फाइलप्रकार वाचायला ते बाहेरच्या सहायक प्रोग्रॅमची मदत घेतं. एखादा नसेल तर त्या प्रकारच्या फाइलींचा मजकूर निमूट वगळला जातो. कोणते सहायक कमी आहेत त्याची यादी त्याच्या मेन्यूतच मिळते, ती जरूर बघावी.

लिनक्सवरची ‘लोकेट’ आज्ञा जुन्या यादीतून शोधते आणि ती यादी बहुधा दिवसातून एकदाच ताजी होते. नुकतीच केलेली फाइल तिला माहीत नसते. मॅकवर त्याचा स्वतःचा शोध, स्पॉटलाइट, गडबडला तर त्याच्या सेटिंग्जमधल्या ‘सर्च प्रायव्हसी’च्या यादीत ड्राइव्ह टाकून पुन्हा काढा, इंडेक्स नव्याने सुरू होतो.

एजंट रॅन्सॅकसारखी इंडेक्सविना चालणारी साधनं क्वचित लागणाऱ्या शोधासाठी ठीक. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कवर ५० जीबी चाळायला आठ मिनिटांहून जास्त लागणार, आणि बारीक फाइली असतील तर आणखी. क्लाउडमध्येच ठेवलेल्या, संगणकावर फक्त नाव दिसणाऱ्या फाइलींवर हे साधन सोडू नका. वाचण्यासाठी त्या एकामागून एक डाउनलोड होऊ लागतात.

कोणतंही साधन स्वीकारण्याआधी छोटी चाचणी घ्या. ‘फणफणकूट’सारखा कुठेच नसलेला शब्द घडवा. तो घालून एक साधी टेक्स्ट फाइल, एक वर्ड, तिचीच पीडीएफ आणि वर्ड फाइलची झिप बनवा. छापील पानाचा फोटो काढून त्याचीही पीडीएफ करा. हा संच डॉक्युमेंट्समध्ये, दुसऱ्या ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर ठेवा. आधी पूर्ण शब्द शोधा, मग ‘कूट’ एवढाच तुकडा. टेक्स्ट फाइलीत शब्द बदला आणि लगेच, मग पाच मिनिटांनी शोधा. एक फाइल पुसून टाका आणि ती निकालात रेंगाळते का ते बघा. अर्ध्या तासात साधनाची खरी हद्द कळते.

फोटोची पीडीएफ सहसा कुणालाच सापडणार नाही, कारण तिच्यात अक्षरं नसून चित्र असतं. टेसरॅक्टसारख्या ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्रॅमने मजकुराचा थर चढवला तरच शोध लागतो. त्यात मराठीचा भाषासंच उपलब्ध आहे.

मराठी मजकुरात आणखी दोन खड्डे आहेत. जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची अक्षरं साठवायची समान पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलीत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलाव्या लागतात. दुसरा खड्डा युनिकोडमधलाच. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हा ‘ऱ’ वापरूनही टाइप होतो आणि साधा ‘र’ व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. दिसायला एकच, पण संगणकाला वेगळे. अशा वेळी ‘दुस’ एवढंच शोधावं.

शेवटी खासगीपणाचं. मजकुराच्या इंडेक्समध्ये तुमच्या कागदपत्रांतले शब्द साठलेले असतात. कागदपत्रं एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या) ड्राइव्हवर असतील, तर इंडेक्सही त्याच ड्राइव्हवर ठेवा, नाहीतर तो फोल्डर इंडेक्समधून वगळा.